वार्षिक तपासणीचा रिपोर्ट: आधी हिमोग्लोबिन, मग बाकीचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, नाशिकमधील सातपूरच्या एका कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. मुलीच्या आग्रहावरून त्यांनी संपूर्ण शरीराच्या तपासणीचे पॅकेज करून घेतले. रिपोर्टमध्ये एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची साखर ६.६, उपाशीपोटी साखर १०८, टीएसएच म्हणजे थायरॉइडची चाचणी ६.९, युरिक ॲसिड ७.८, व्हिटॅमिन डी १३, एलडीएल कोलेस्टेरॉल १३८, सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर आणि तपासणीच्या वेळी एकदाच घेतलेला रक्तदाब १४८/९०. हिमोग्लोबिन १०.६ आहे, परंतु 'कॅन्सरची तपासणी' म्हणून केलेली सीईए ही चाचणी नॉर्मल आल्यामुळे घरी सगळे निर्धास्त आहेत. वडील लवकर दमतात. गुडघेदुखीसाठी ते वर्षभरापासून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून घेतात, सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांच्या सल्ल्याने ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनही घेतात, आणि मूळव्याधीमुळे शौचाला अधूनमधून रक्त जाते. त्यांना साखर, थायरॉइड, युरिक ॲसिड आणि कोलेस्टेरॉल यांच्या गोळ्या, डी जीवनसत्त्वाची पावडर आणि लोहाचे टॉनिक अशी सहा औषधे लिहून मिळाली आहेत. ती सगळी सुरू करावीत का, आणि ५४ वर्षांच्या आईचेही हेच पॅकेज करावे का, असे मुलीने विचारले आहे.

प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी कोणाचेही औषध ठरवत नाही, त्यामुळे पुढचे विवेचन हे वडिलांच्या डॉक्टरांशी बोलताना कोणत्या क्रमाने विचार करावा, एवढ्यापुरते समजावे. पण क्रमाबाबत माझ्या मनात शंका नाही. आपण पत्रात साखरेवर सहा ओळी लिहिल्या आहेत आणि हिमोग्लोबिन एका अर्ध्या वाक्यात उरकले आहे. या रिपोर्टमध्ये सर्वांत आधी उत्तर शोधायचे आहे ते त्या अर्ध्या वाक्याचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय. आपल्याकडे स्त्रियांमध्ये १०-११ हिमोग्लोबिन इतके सर्रास दिसते की तोच आकडा पुरुषाच्या रिपोर्टमध्ये आला तरी नजर त्यावरून सहज पुढे सरकते. मासिक पाळी नसलेल्या, दोन वेळ जेवणाऱ्या पुरुषाचे हिमोग्लोबिन विनाकारण १०.६ होत नाही. आपण पाठवलेल्या रिपोर्टच्या त्याच पानावर, हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळींत, तीन आकडे आहेत: तांबड्या पेशींची संख्या ४.७ दशलक्ष, एमसीव्ही ७२ आणि आरडीडब्ल्यू १८.२. एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. ते ८० च्या खाली आहे, म्हणजे पेशी लहान आहेत. लहान पेशींची आपल्याकडील दोन नेहमीची कारणे म्हणजे लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक, सहसा त्रास न देणारा रक्तदोष. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागले की ढोबळ अंदाज येतो: भागाकार १३ पेक्षा कमी आला तर कल थॅलेसेमियाकडे, जास्त आला तर लोहाकडे. येथे तो १५.३ येतो. आरडीडब्ल्यू जास्त असणे, म्हणजे लहानमोठ्या पेशींची सरमिसळ असणे, हेही लोहाच्या कमतरतेशीच जुळते. हा केवळ अंदाज असल्यामुळे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन ही चाचणी करून खात्री करावी, आणि ती लोहाचे टॉनिक सुरू करण्यापूर्वी करावी. फेरिटिन १५ च्या खाली आले तर प्रश्नच मिटला. ३० च्या खाली आले तरी बहुतेक डॉक्टर लोह कमी आहे असेच धरतात. अंगात कुठे दाह किंवा संसर्ग असेल तर हा आकडा खोटा वर जातो, म्हणून अमेरिकेच्या गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संघटनेने २०२० मध्ये रक्तक्षय असलेल्यांसाठी ४५ ही मर्यादा सुचवली. मीही वडिलांच्या वयाच्या माणसात ४५ च वापरतो, कारण येथे निदान हुकण्याची किंमत एक जादा तपासणी करण्याच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

लोह कमी आहे एवढे कळल्यावर निदान संपत नाही, खरे तर तेथून सुरू होते. लोह गेले कुठे? सुरगाणा किंवा पेठ भागातील भातखाचरांत अनवाणी काम करणाऱ्या माणसात मी आतड्यात राहून रक्त शोषणाऱ्या आकडीकृमीचा (हूकवर्म) विचार आधी करीन. सातपूरच्या कामगारात मात्र पोट आणि आतड्यांतून नकळत होणारा रक्तस्राव हे कारण शोधलेच पाहिजे: जठरातील व्रण, जठराचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग, आतड्यातील गाठी, आणि लोह शोषले न जाण्याची कारणे, जसे गव्हातील प्रथिन न सोसणारा सीलिॲक आजार. ब्रिटिश गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे की लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झालेल्या पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत साधारण तिघांमागे एकात मुळाशी काहीतरी आजार सापडतो, आणि तो बहुधा पचनसंस्थेत असतो. भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण ब्रिटनपेक्षा बरेच कमी आहे, त्यामुळे तिकडचे प्रमाण जसेच्या तसे इकडे लावू नये. पण ५८ वर्षे वय, शौचावाटे रक्त आणि लोहाची कमतरता ही तीन एकत्र आल्यावर तेवढ्या फरकाने माझा निर्णय बदलत नाही.

आता आपल्या घरातील तीन समजुतींविषयी. पहिली, रक्त मूळव्याधीचे आहे. असेलही. परंतु मूळव्याध इतकी सर्रास आढळते की ती असणाऱ्याला दुसरे काही नसेलच असे मानता येत नाही, आणि आतड्याच्या कर्करोगाचे निदान उशिरा झालेल्या रुग्णांकडून 'मूळव्याध समजून मलम लावत होतो' हे वाक्य मी वारंवार ऐकले आहे. दुसरी समजूत, सीईए नॉर्मल आहे म्हणजे कॅन्सर नाही. ही चाचणी आतड्याच्या कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णावर उपचारानंतर लक्ष ठेवण्यासाठी उपयोगी पडते. सुरुवातीच्या टप्प्यातील बऱ्याच रुग्णांत ती नॉर्मलच असते, उलट सिगारेट ओढणाऱ्या निरोगी माणसात ती वाढलेली सापडते. पॅकेजमध्ये तिला 'कॅन्सर तपासणी' म्हणून विकणे मला पटत नाही, कारण ती अशी खोटी निश्चिंती देते. तिसरी, वेदनाशामक गोळी आणि ॲस्पिरिन यांमुळेच रक्त कमी झाले असणार. ही तिन्हींत सर्वांत संभाव्य आहे, आणि म्हणूनच सर्वांत फसवी. दोन्ही औषधे जठराच्या अस्तराला इजा करतात आणि एकत्र घेतल्यास धोका वाढतो. पण एक कारण सापडले म्हणून दुसरे नाही असे होत नाही. किंबहुना आतड्यात आधीपासून असलेली गाठ ॲस्पिरिनमुळे लवकर रक्त गाळू लागते. म्हणून तोंडावाटे एन्डोस्कोपी आणि गुदमार्गे कोलोनोस्कोपी अशा दोन्ही तपासण्या, शक्यतो एकाच दिवशी, करून घ्याव्यात असा माझा स्पष्ट सल्ला आहे. 'आधी शौचाची साधी तपासणी करू, त्यात रक्त नसेल तर सोडून देऊ' असा मध्यममार्ग पुष्कळांना सुचतो. लक्षणे नसलेल्या माणसांच्या चाळणीसाठी ती चाचणी चांगली आहे. लोहाची कमतरता सिद्ध झालेल्या माणसात ती निगेटिव्ह आली तरी पुढचा शोध थांबवता येत नाही, मग ती करून काय मिळवायचे?

लोहाची गोळी कोलोनोस्कोपीच्या साधारण आठवडाभर आधी बंद ठेवावी लागते, कारण तिने मळ काळा आणि चिकट होतो व आतडे नीट साफ होत नाही. म्हणून तारीख लवकर मिळत असेल तर तपासणी आधी आणि लोह नंतर, हा क्रम सोयीचा. लोह द्यायचे ते टॉनिकच्या चमच्याने नव्हे तर गोळीच्या रूपात, दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड; रोज तीन गोळ्यांनी पोट बिघडण्यापलीकडे फारसे काही जास्त मिळत नाही. जेवणाबरोबरचा चहा लोहाचे शोषण कमी करतो, तेव्हा गोळी आणि चहा यांत अंतर हवे. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन अंकांनी वाढायला हवे आणि ते नॉर्मल झाल्यावरही साठा भरण्यासाठी गोळी सुमारे तीन महिने चालू ठेवावी. टॉनिकाबद्दल माझी खरी तक्रार चमच्याची नाही. त्याने हिमोग्लोबिन बारावर जाते, चेहऱ्यावर तेज येते, सगळे खूश होतात, आणि रक्त कुठून जात होते हा प्रश्न पुढच्या वर्षापर्यंत कोणी विचारत नाही.

ॲस्पिरिनविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फिरणाऱ्या मंडळींत ती 'रक्त पातळ ठेवणारी निरुपद्रवी गोळी' म्हणून वाटली जाते, हे मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की आता आश्चर्यही वाटत नाही. ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, किंवा ज्यांच्या धमनीत स्टेंट आहे, त्यांच्यासाठी ती जीवरक्षक आहे आणि त्यांनी ती स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवू नये. ज्यांना असे काही झालेले नाही, त्यांच्याविषयी २०१८ मध्ये तीन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. कुठे फायदा दिसला नाही, तर मधुमेहींत थोडा दिसला तो गंभीर रक्तस्रावाने जवळजवळ फेडून टाकला. वडिलांना हृदयविकार नसेल तर डॉक्टरांना विचारून ती याच आठवड्यात बंद करावी. वेदनाशामक गोळीचेही तेच. ती जठराला इजा करते, शिवाय शरीरात मीठ-पाणी धरून ठेवून रक्तदाब वाढवते आणि मूत्रपिंडावर ताण आणते. म्हणजे हिमोग्लोबिन आणि १४८/९० हा रक्तदाब या रिपोर्टमधील दोन वेगळ्या पानांवरच्या गोष्टींचा धागा मेडिकलमधून आणलेल्या एका पाकिटात असू शकतो. गुडघ्यासाठी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन आणि लागेल तसे पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचे मलम यांवर भागवावे.

साखरेचा मुद्दा आता घेता येईल, कारण तो हिमोग्लोबिनवर अवलंबून आहे. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण. पेशी जितके दिवस रक्तात राहते तितकी साखर तिला चिकटत जाते. लोहाच्या कमतरतेत नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तातील पेशींचे सरासरी वय वाढते, आणि साखर तेवढीच असूनही हा आकडा वर सरकतो. ६.५ ही मधुमेहाची सीमा असताना ६.६ हा आकडा अशा रक्तात कितपत मानावा, हा खरा प्रश्न आहे. उपाशीपोटी साखर १०८ हीसुद्धा त्याच्याशी पूर्णपणे जुळत नाही. १२६ किंवा अधिक असती तर ती मधुमेहात मोडली असती, १०० ते १२५ मध्ये ती मधुमेहपूर्व अवस्थेत मोडते. लक्षणे नसलेल्या माणसात तसेही एका आकड्यावरून मधुमेह ठरवत नाहीत; दोन चाचण्या सीमेपलीकडे असाव्या लागतात. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर तपासावी. ती २०० किंवा अधिक आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्री करून मधुमेह मानावा. १४० ते १९९ आली तर मधुमेहपूर्व अवस्था, आणि मग एचबीए१सी पुन्हा करायचे ते हिमोग्लोबिन सुधारून काही महिने स्थिरावल्यावरच. मधल्या काळात ते करू नये, कारण लोह सुरू केल्यावर नव्या कोऱ्या पेशींची भर पडते, आकडा झपाट्याने खाली येतो, आणि त्याचे श्रेय मेथीच्या पाण्याला किंवा एखाद्या काढ्याला मिळते.

याची उलटी बाजू आमच्या जिल्ह्यात तितकीच महत्त्वाची आहे. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक आढळतात. सिकलसेल आजारात पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे एचबीए१सी खोटे कमी येते. केवळ वाहक असलेल्यातही काही यंत्रांवर ते चुकीचे येते. त्या भागातील रुग्ण नाशिकला तपासायला आला आणि त्याची रक्तातील साखर व एचबीए१सी यांचा मेळ बसत नसेल, तर मी ग्लुकोजच्या साध्या चाचणीवर विश्वास ठेवतो आणि हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी एचपीएलसी तपासणी सांगतो.

वडिलांची साखर मधुमेहपूर्व अवस्थेत निघाली तर गोळीची घाई नाही. अमेरिकेच्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात वजन थोडे कमी करून आणि चालून मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी भारतीयांत केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे आकडे अनुक्रमे २८.५ आणि २६.४ होते. आपल्या लोकांत आहार-व्यायामाचा परिणाम तुलनेने कमी दिसला, पण गोळीपेक्षा कमी नव्हता, आणि त्याला पोटाची तक्रार किंवा बी१२ ची घट हे मेटफॉर्मिनचे दुष्परिणाम नाहीत. बी१२ वरून आठवले: शाकाहारी घरात लोहाबरोबर तेही बऱ्याचदा कमी असते, आणि दोन्ही कमी असतील तर पेशींचा आकार फसवा होतो. फेरिटिनच्या नमुन्यातच ते पाहून घ्यावे.

रक्तदाबाचे निदान १४८/९० या एका मोजमापावर मी करणार नाही, आणि ते दुर्लक्षितही करणार नाही. तपासणी केंद्रात रक्तदाब कसा मोजला जातो ते आपण कधी उभे राहून पाहावे. माणूस जिना चढून आलेला असतो, रिकाम्या पोटी रक्त देऊन नुकताच चहा-बिस्किट घेतलेला असतो, स्टुलावर पाठीला आधार नसतो, हात लोंबकळत असतो, पट्टा शर्टाच्या बाहीवरून गुंडाळलेला असतो आणि मोजणारी मुलगी मधेच 'काका, तंबाखू खाता का?' असे विचारत असते. यांतील प्रत्येक गोष्ट रक्तदाब वाढवू शकते. घरी दंडावर बांधायचे स्वयंचलित यंत्र आणावे, मनगटावरचे नको. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर ठेवून, अर्धा तास आधी चहा-तंबाखू न घेता, सकाळी दोनदा आणि रात्री दोनदा, असे सात दिवस मोजून वहीत लिहावे. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. घरची सरासरी १३५/८५ किंवा अधिक असेल तर उच्च रक्तदाब आहे असे मानतात. वेदनाशामक बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी हीच आठवड्याची मोजणी पुन्हा करावी. तरीही जास्तच राहिला तर गोळी सुरू करण्यात मुळीच टाळाटाळ करू नये. गोळी 'एकदा सुरू केली की सुटत नाही' म्हणून लोक वर्षानुवर्षे थांबतात. सुटत नाही तो रक्तदाब. कारखान्यातून निवृत्त झालेल्या ज्या ओळखीच्या माणसांना पक्षाघात झालेला आपण पाहिला असेल, त्यांतील बहुतेकांच्या मागे न मोजलेला किंवा अर्ध्यावर सोडलेला रक्तदाब असतो. या सगळ्या पॅकेजमध्ये सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निष्काळजीपणे केलेली तपासणी हीच आहे.

कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल मी इतरांपेक्षा सौम्य आहे. सहा औषधांपैकी शेवटी जे एक चालू राहील असे मला वाटते ते हेच. एलडीएल १३८ हा आकडा एकटा फार काही सांगत नाही. वय, रक्तदाब, तंबाखू, मधुमेह आणि घरातील हृदयविकार यांच्याबरोबर तो वाचायचा असतो. मधुमेह सिद्ध झाला तर चाळिशीनंतर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची ही गोळी, द्यावे याबाबत फारसे दुमत नाही. झाला नाही, तर येत्या दहा वर्षांतील धोका मोजून वडिलांशी बोलून ठरवावे. एलडीएल सुमारे ३९ अंकांनी कमी झाले तर हृदयविकार व पक्षाघाताच्या मोठ्या घटना साधारण पाचात एकीने कमी होतात. ज्याचा मूळ धोका मोठा त्याला त्याचा लाभ मोठा. हा निर्णय दोन महिन्यांनी घेतला तरी चालेल. पाय दुखतात म्हणून गोळी सोडण्यापूर्वी मात्र डॉक्टरांशी बोलावे: लंडनमधील २०२० च्या एका अभ्यासात आधी दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्यांना आलटून पालटून खरी आणि बनावट गोळी दिली, तेव्हा त्रासाचा नव्वद टक्के भाग बनावट गोळीवरही तसाच होता.

थायरॉइडची गोळी सुरू करू नये. टीएसएच ६.९ ही सौम्य वाढ आहे. असे आकडे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा केले की कित्येकदा आपोआप नॉर्मल येतात. तेव्हा त्याबरोबर फ्री टी४ हे थायरॉइडचे संप्रेरक आणि टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे पाहावीत. टीएसएच १० च्या पुढे टिकून राहिले तर गोळीचा विचार, त्याखाली सहसा नाही. २०१७ च्या युरोपातील अभ्यासात ६५ वर्षांवरील अशा रुग्णांना वर्षभर गोळी देऊनही थकव्यात फरक पडला नाही. वडील त्या वयाचे नाहीत, पण त्यांच्या थकव्याचे पुरेसे कारण १०.६ या आकड्यात आहे. पुढे कधी ही गोळी लागलीच, तर ती आणि लोह यांत चार तासांचे अंतर ठेवावे. एकत्र घेतल्यास लोह तिला शोषू देत नाही.

युरिक ॲसिडची गोळी नको. पायाचा अंगठा लाल होऊन, सुजून, चादरीचा स्पर्शही सहन न होण्याइतका कधी दुखला नसेल आणि मूतखडाही नसेल, तर नुसत्या ७.८ वर औषध देत नाहीत. वयोमानाने झिजलेल्या गुडघ्याचे दुखणे त्यातून येत नाही. ॲलोप्युरिनॉल या युरिक ॲसिडच्या गोळीने क्वचित त्वचेवर जीवघेणी प्रतिक्रिया येते, आणि गरज नसताना तो धोका पत्करण्याचे कारण नाही. डी जीवनसत्त्वाची पावडर आठवड्याला एक अशी आठ आठवडे घेतली तर नुकसान नाही, मात्र ती रोज घेऊन रक्तातील कॅल्शियम धोकादायक वाढलेले रुग्ण येत असतात, तेव्हा पाकिटावरचे ६०,००० एकक आणि 'आठवड्याला' हा शब्द नीट वाचावा.

फॅटी लिव्हरसाठी लगेच गोळी नको, पण दुर्लक्षही नको. यकृताला चट्टे पडू लागले आहेत का याचा अंदाज फिब-४ या साध्या गणिताने येतो: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट्स आणि एएलटीचे वर्गमूळ यांचा गुणाकार (एएसटी आणि एएलटी ही यकृताच्या तपासणीतील विकरे). वडिलांचे एएसटी ३४, एएलटी ४४ आणि प्लेटलेट्स ३१० हजार आहेत. उत्तर सुमारे ०.९६ येते, आणि १.३ च्या खाली धोका कमी मानतात. लोहाच्या कमतरतेत प्लेटलेट्स वाढतात, त्यामुळे हे उत्तर थोडे फसवे असू शकते. रक्त सुधारल्यावर पुन्हा गणित करावे. 'वडील जाड नाहीत, मग चरबी कुठून?' असे आपण विचारले आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आपले दोघांचे छायाचित्र छापले होते: दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच २२.३, पण शरीरातील चरबी यडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे काटकुळे हातपाय आणि पुढे आलेले पोट ही जोडी वजनकाट्यावर दिसत नाही. कमरेचा घेर पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, हे मोजायला टेप पुरतो.

आता आईचे पॅकेज. ते करू नये असे मी म्हणेन, आणि त्यामागचे गणित साधे आहे. बहुतेक चाचण्यांची 'नॉर्मल' मर्यादा अशी ठरवलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के त्यात बसतील. अशा वीस स्वतंत्र चाचण्या निरोगी माणसावर केल्या तर किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के होते. पॅकेजमध्ये साठ-सत्तर चाचण्या असतात. त्यातच आजार विरळ असेल तर चांगली चाचणीही फसवते. हजार जणांत दहा जणांना एखादा आजार आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे असे धरा. दहांपैकी नऊ सापडतील, पण निरोगी ९९० पैकी ९९ जणांचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल. म्हणजे घाबरलेल्या १०८ जणांत खरे रुग्ण नऊच. वडिलांचा रक्तक्षय या पॅकेजनेच समोर आणला हे मी नाकारत नाही. पण दमणाऱ्या आणि शौचावाटे रक्त जाणाऱ्या माणसाला साधी रक्ततपासणी कोणीही सांगितली असती.

आईसाठी पुराव्याने सिद्ध झालेल्या तपासण्या थोड्याच आहेत. रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन. आपण लिहिले आहे की आई मिश्री लावतात. म्हणून चांगल्या उजेडात तोंडाची तपासणी, गालाच्या आतून आणि जिभेखालीसुद्धा. प्रशिक्षित हातांनी केलेली स्तनांची तपासणी: मुंबईतील टाटा रुग्णालयाच्या वीस वर्षांच्या अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, पन्नाशीपुढच्या स्त्रियांत तिने स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी केले. आणि गर्भाशयमुखासाठी एचपीव्ही चाचणी, म्हणजे तेथील कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी. हिच्या बाजूने जगातील सर्वांत ठोस पुराव्यांपैकी एक आपल्याच महाराष्ट्रातून आला आहे: तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. आईचे वय त्यात बसते. तिशीपुढच्या सर्वांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची चाळणी सरकारी आरोग्य केंद्रांतही होते; तेथे गर्भाशयमुख बहुधा ॲसिटिक ॲसिड लावून पाहतात, तीही न करण्यापेक्षा फार चांगली.

वडील कामगार विमा योजनेत किमान पाच वर्षे असतील आणि वयोमानाने निवृत्त झाले असतील, तर वर्षाला १२० रुपये भरून त्यांना व आईला वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवता येते; सातपूरच्या विमा रुग्णालयात चौकशी करावी, कोलोनोस्कोपीचा खर्च वाचू शकेल. दरम्यान शौच डांबरासारखे काळे झाले, चक्कर आली, छातीत दुखले किंवा चालताना दम लागू लागला तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणि आईच्या पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी 'मोफत' आहे असे आपण लिहिले आहे, ती मोफत असली तरी करू नये. दक्षिण कोरियात अशी सोनोग्राफी सर्रास होऊ लागल्यावर २०११ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरा पट झाले, मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले, आणि हजारो स्त्रियांच्या गळ्यावर शस्त्रक्रियेची खूण व हातात कायमची गोळी आली. आईच्या मानेला गाठ लागत असेल, आवाज बदलला असेल किंवा गिळताना त्रास होत असेल तरच ती करावी.